दळलेला बर्फ
जानेवारीत मध्येच पाऊस पडला आणि रात्री पारा शून्याखाली गेला, की आमच्या विस्कॉन्सिनमधली स्कीइंगची वाट टणक, गुळगुळीत होऊन बसते. उतारावर स्कीची कड रुततच नाही; वळायला जावं तर थेट झाडच गाठायचं! १९७३ साली सुरू झालेली बर्कबायनर ही स्कीइंगची शर्यत जिथे होते, त्या हेवर्ड-केबल भागात ही वाट पुन्हा जागेवर आणणारं यंत्र मी मुद्दाम जवळून पाहिलं. रणगाड्यासारखे रुंद पट्टे लक्ष वेधतात, पण खरी करामत मागे. तिथला दातेरी रूळ गरगर फिरत वरचा कडक थर दळतो. दाणे मोकळे होतात, मागची लवचिक फणी त्यांवर बारीक रेघा ओढते.

घाई मात्र चालत नाही. बर्फ ओला असताना दळला, तर पुन्हा दगड. पाणी निचरेपर्यंत थांबायचं. दळल्यावरही दाणे एकमेकांना धरेपर्यंत काही तास वाट मोकळी ठेवायची. थर पातळ असेल तर रूळ जपून टेकवायचा, नाहीतर खालची माती, पालापाचोळा वर येतो.

अर्थात ताज्या हिमाची मजा या दळलेल्या बर्फाला नाही. हे खरखरीत दाणे स्कीचं मेणही भराभर खरवडतात.