साडेसदतीस कोटी टनांचा हिशेब

वजन वाढलं किंवा साखर वाढली की घरात सर्वांत आधी फुली पडते ती बटाट्यावर. वातूळ आहे, जड आहे, नुसता स्टार्च आहे, एवढं म्हटलं की त्याची चौकशी संपते. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो आणि त्यावरचं अपील मी आकड्यांच्या भरवशावर करणार आहे.

मुठीत मावेल असा १५० ग्रॅमचा एक बटाटा घ्या. त्यात जवळपास ८० टक्के पाणी आहे आणि ११५ कॅलरी. चरबी अर्धा ग्रॅमही नाही. प्रथिनं ३ ग्रॅम. पोटॅशियम ६०० मिलिग्रॅमहून जास्त, म्हणजे मध्यम आकाराच्या केळ्यापेक्षा अधिक. शिवाय क जीवनसत्त्व साधारण ३० मिलिग्रॅम. यातला एकही आकडा डोळे दिपवणारा नाही. पण आता गुणाकार करू.

जगात वर्षाला सुमारे साडेसदतीस कोटी टन बटाटा पिकतो. त्यातला साडेनऊ कोटी टनांच्या आसपास चीनमध्ये, तर साडेपाच कोटी टनांहून थोडा अधिक भारतात. दहा टन माल नेणारा, दहा मीटर लांबीचा ट्रक धरला, तर या पिकाला पावणेचार कोटी ट्रक लागतील. ते एकामागे एक उभे केले, तर रांग पावणेचार लाख किलोमीटरची होईल. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे.

या रांगेत भरलंय काय? प्रथिनं सुमारे ७५ लाख टन. पोटॅशियम पंधरा लाख टनांच्या वर. आणि क जीवनसत्त्व ७० हजार टनांहून जास्त. प्रौढ माणसाला दिवसाला ४५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाचं होतं साडेसोळा ग्रॅम. म्हणजे शेतातून निघालेल्या बटाट्यात कागदोपत्री सुमारे साडेचारशे कोटी माणसांची वर्षाची गरज भरलेली आहे! काही माल बेण्याला जातो, काही जनावरांना, काही सडतो. उरलेल्यातलं बरंचसं जीवनसत्त्व साठवणीत आणि शिजवण्यात जातं. निम्म्याहून जास्त वजा केलं तरी उरणारी संख्या भारताच्या लोकसंख्येहून मोठी असू शकते. क जीवनसत्त्व म्हटलं की आपल्याला आवळा आणि लिंबू आठवतात. बटाट्याचं नाव कुणी घेत नाही.

आयर्लंडने हे फार मोठी किंमत देऊन पाहिलं. तिथला कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-पाच किलो बटाटे खायचा, सोबत ताक. पाच किलोंचे होतात जवळपास ३,८०० कॅलरी आणि १०० ग्रॅम प्रथिनं. एवढ्याशा जमिनीच्या तुकड्यावर कुटुंबं जगली, वाढली. १८४१च्या जनगणनेत लोकसंख्या ८१ लाखांच्या पुढे गेली. १८४५मध्ये करपा आला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. बटाटा ताटातून गेल्यावर १८४७मध्ये तिथे स्कर्व्ही उफाळला. गरिबाला क जीवनसत्त्व कोण पुरवत होतं, हे तो आजार सांगून गेला. एकाच पिकावर, त्यातही मुख्यतः एकाच वाणावर अख्खी जनता टांगलेली असावी, हा दोष बटाट्याचा नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या ज्या अँडीज पर्वतरांगांत तो मूळचा आहे, तिथे त्याचे चार हजारांहून जास्त स्थानिक वाण आहेत.

केवळ बटाट्यातल्या प्रथिनांवर माणूस टिकतो का, हेही तपासलं गेलं आहे. पोलंडमध्ये कोन आणि क्लाइन या संशोधकांनी १९२८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक पुरुष आणि एक स्त्री १६७ दिवस जवळजवळ सगळी प्रथिनं बटाट्यातूनच घेत होती. वरून स्निग्ध पदार्थ आणि थोडी फळं. दोघांची तब्येत चांगली राहिली. याचा अर्थ कुणी रोज तेवढंच खावं असा नाही. बटाट्यात ब१२ नाही, अ जीवनसत्त्व जवळपास नाही, कॅल्शियम तोकडं आहे. पण ‘नुसता स्टार्च’ हे बिरुद इथे निकालात निघतं.

आणि पोट भरण्याचं म्हणाल, तर १९९५मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येकाचे कॅलरीच्या मापाने सारखे भाग लोकांना खाऊ घातले आणि पुढचे दोन तास भूक मोजली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले होते. क्रॉसाँला ४७ मिळाले. उकडलेल्या बटाट्याला ३२३, सगळ्यांत जास्त.

मग वजन वाढतं कशाने? १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ८७ कॅलरी असतात. तेवढ्याच वेफर्समध्ये ५३०च्या आसपास, आणि त्यातलं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वजन नुसत्या तेलाचं. अमेरिकेत दोन लाखांहून अधिक लोकांची माहिती अनेक दशकं गोळा करून २०२५मध्ये निघालेल्या अभ्यासात आठवड्याला तीनदा फ्रेंच फ्राइज खाण्याशी टाइप-२ मधुमेहाचा २० टक्के वाढीव धोका जोडलेला आढळला. उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्याशी तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. बटाट्याच्या जागी अख्खी धान्यं घेतली तर धोका कमी दिसला. पांढरा भात घेतला तर मात्र जास्त. बटाटा बंद करून भाताची मूद वाढवून घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण सांभाळायला हवंच. पण ते भातालाही लागू आहे.

शिजवण्याची रीतही महत्त्वाची. सालासकट उकडला तर क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम बरंचसं आतच राहतं. सोलून, फोडी करून भरपूर पाण्यात उकळला की पोटॅशियम पाण्यात उतरतं, इतकं की मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना ते कमी ठेवायचं असतं, त्यांना आहारतज्ज्ञ मुद्दाम तसाच शिजवून पाणी फेकून द्यायला सांगतात.