वाफेवर धावलेली मोटार

दिवाळीच्या पहाटे तांब्याचा बंब पेटवून पाणी तापण्याची वाट पाहिलेली मंडळी अजूनही पुष्कळ घरांत असतील. ढलप्या घालाव्या, फुंकर मारावी, डोळ्यांत धूर घ्यावा, तेव्हा कुठे पहिली बादली मिळे. एके काळी मोटारीत बसण्यासाठीही अशीच वाट पाहावी लागे, हे आजच्या मुलांना खरे वाटायचे नाही!

वाफेची मोटार आगगाडीहूनही जुनी. फ्रान्समध्ये निकोला क्युन्यो या लष्करी इंजिनिअरने १७६९ साली तोफा ओढण्यासाठी तीनचाकी गाडी बांधली. तिचा वेग ताशी जेमतेम ४ किलोमीटर. १८०१ साली, नाताळच्या आदल्या दिवशी, रिचर्ड ट्रेव्हिथिकने इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये माणसे बसवून आपली गाडी चढावर नेली. पुढे थोड्याच दिवसांत ती वाटेत मोडली. मंडळी खाणावळीत जेवायला बसली, विस्तव तसाच राहिला, बॉयलरमधले पाणी आटले आणि गाडी जळून गेली. बंबात पाणी पाहिल्यावाचून विस्तव घालू नये, असे आजी बजावत असे, ते काही उगीच नव्हे!

या गाडीला खरे वैभव आणले ते अमेरिकेतील फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅन्ली या जुळ्या भावांनी. १८९७ साली त्यांनी पहिली मोटार केली. बॉयलर फुटू नये म्हणून त्यावर पियानोची तार घट्ट गुंडाळलेली असे. गिअर बदलण्याची कटकट नाही, धडधडाट नाही. १८९९ साली फ्रीलनसाहेब पत्नीला शेजारी बसवून माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर पोचले. १९०६ साली फ्लॉरिडाच्या पुळणीवर स्टॅन्लींची गाडी ताशी २०५ किलोमीटर वेगाने धावली!

मग अशी गुणी गाडी मागे का पडली? थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला अर्धा अर्धा तास लागे. आपल्या स्टोव्हसारखा तिचाही बर्नर आधी तापवावा लागे. वाटेत पुन्हा पाणी भरणे आलेच. पेट्रोलच्या गाडीलाही हँडल मारावे लागे, आणि ते उलट फिरले तर हात मोडे. परंतु १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि तीही अडचण सरली. त्यातच फोर्डच्या गाड्या स्वस्त झाल्या. १९२४ नंतर स्टॅन्लीच्या गाड्या निघायच्या थांबल्या.

जुन्या यंत्रांबद्दल आपल्याला हळहळ वाटते. मलाही वाटते. पण बंबाच्या उबेची आठवण सांगताना एक गोष्ट आपण विसरतो. आपण पांघरुणात असताना तो पेटवायला आई पहाटे चारला उठलेली असे. बटणाने वाचवलेला अर्धा तास तिचा होता.