उपचार करणाऱ्यालाही विचारायला कुणी हवे

गोरेगावची आरे कॉलनी १९४९ साली दुग्ध वसाहत म्हणून वसली. गोठ्यांभोवती झाडी आहे, झाडीत आदिवासींचे पाडे आहेत आणि लगतच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यामुळे बिबट्या हा इथला जुना शेजारी. वारली लोक वाघदेवाला पूजतात. तरीही २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बिबट्याने येथे अनेकांवर हल्ले केले, आणि २०२२ च्या दिवाळीत एका चिमुरडीचा जीव गेला. अंगावरच्या जखमेला टाके घालता येतात. मनावरच्या जखमेचे काय?

अशा आघातांवर उपचार करण्याचे शिक्षण आता मिळते. पण वर्ग संपले म्हणजे उपचारक तयार झाला असे नाही. हाती आलेली प्रकरणे त्याने अनुभवी व्यक्तीपुढे मांडायची असतात. यालाच व्यावसायिक सल्लामसलत म्हणतात. उदाहरणार्थ, डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी 'ईएमडीआर' ही उपचारपद्धती पाहा. फ्रान्सिन शापिरो यांनी तिच्यावरील पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीच्या अमेरिकेतील संघटनेने मूलभूत प्रशिक्षणातच १० तासांची सल्लामसलत आवश्यक मानली आहे.

या तासांत काय घडते? आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. पाड्यावरच्या नऊ वर्षांच्या मुलाने बिबट्याचा हल्ला पाहिला. तो रात्री दचकून उठतो, अंधार पडला की बाहेर जात नाही. नवी उपचारक ठरवते, की अंधाराची ही भीती घालवायची.

सल्लागार आधी प्रश्न विचारतात. घटनेला किती दिवस झाले? बारा. मग आघातोत्तर ताणविकाराचे निदान करण्याची घाई नको, कारण त्यासाठी लक्षणे महिन्याहून अधिक टिकावी लागतात. आधार मिळाला तर पुष्कळ मुले तोवर सावरतात. दुसरा प्रश्न : शौचालय कुठे आहे? घरापासून दूर, आणि वाटेवर दिवा नाही.

इथेच खरी मेख आहे. आघातावरचे उपचार बहुधा असे गृहीत धरतात, की धोका टळला आहे आणि मन तेवढे मागे अडकले आहे. येथे बिबट्या अजूनही फिरतो. अंधारात एकटे न जाणे हा आजार नव्हे, ते शहाणपण आहे. तेच घालवले तर मूल संकटात पडेल! म्हणून आधी वाटेवर दिवा, मोठ्या माणसाची सोबत आणि कचऱ्याची विल्हेवाट. कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मात्र मूल भरदिवसा वर्गातही थरथरत राहिले, तर त्या भीतीवर उपचार हवेत.

तिसरा प्रश्न उपचारकाविषयी असतो : तुम्हाला झोप लागते का? दुसऱ्यांचे आघात ऐकून ऐकणाऱ्याचेही मन दुखावते, हे मॅक्कॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये मांडले. अस्वस्थ उपचारक घाई करतो.

या चर्चेत मुलाचे नाव सांगितले जात नाही, आणि निर्णयाची जबाबदारी उपचारकाकडेच राहते. सल्लागार फक्त न दिसलेली बाजू दाखवतो.

शिक्षकांनाही हे उपयोगी आहे. भ्यालेल्या मुलाला वर्गासमोर हकिकत सांगायला लावू नये. भीती कधी, कुठे आणि किती दिवस वाटते, याची नोंद ठेवावी. महिना उलटूनही ती ओसरली नाही किंवा मूल खाणे-खेळणेच सोडू लागले, तर तज्ज्ञाकडे न्यावे. आणि आपल्यालाच ओझे वाटू लागले, तर सहकाऱ्याशी जरूर बोलावे.