प्रीमियर पद्मिनी: इग्निशन टायमिंग
मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीच्या १०८९ घन सेंमी क्षमतेच्या पेट्रोल इंजिनात ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट ठरवतात. मोटार दीर्घकाळ बंद राहिल्यास पॉइंटांवर ऑक्साइडचा थर साचतो, तसेच वाढत्या वेगानुसार ठिणगी लवकर पाडणारी केंद्रोत्सारी वजने गंजून अडकू शकतात. ठिणगी फार लवकर पडल्यास इंजिन ठोके देते व पिस्टनला इजा होऊ शकते. उशिरा पडल्यास शक्ती घटते आणि इंजिन तापते.

पॉइंटांमधील अंतर वाढले की ठिणगीही लवकर पडते. त्यामुळे प्रथम पॉइंट स्वच्छ करून अंतर ठरवतात, वजने मोकळी करतात आणि शेवटी इंजिनावरील खुणांनुसार टायमिंग जुळवतात. डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने डिस्ट्रिब्युटर १ अंश वळवल्यास टायमिंग २ अंशांनी बदलते.