नवे नाव घ्या, जुने सोडू नका

ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि आम्हा वैतरणा-बोईसरच्या दुकानदारांना पाटीवरचे 'जि. ठाणे' बदलावे लागले. त्याच महिन्यात देवनागरीतली '.भारत' नावेही मिळू लागली.

वेबसाईटचे लांबलचक नाव बदलून सुटसुटीत जरूर घ्या. नोंद मात्र स्वतःच्या नावे करा, वेबसाईट बनवणाऱ्याच्या नव्हे. आणि बंधूंनो, जुने नाव सोडू नका. दुकान हलवले तरी आपण जुन्या दारावर पाटी लावतोच. इथे ती पाटी म्हणजे '३०१' रिडायरेक्ट. जुन्या नावावर आलेले गिऱ्हाईक आपोआप नव्यावर पोहोचते. ही सोय किमान वर्षभर ठेवा, असे गूगल सांगते. जुन्या नावाची फी पुढेही भरत राहा. ती चुकली तर नाव दुसरा घेऊ शकतो. मग जुन्या ई-मेलवर येणारी आपली ऑर्डर त्याच्या हाती, आणि वर्षांची साखही.