छप्पर कोणाच्या नावावर?

डहाणू लोकलच्या डब्यात, पालघरच्या कोर्टाच्या आवारात किंवा बोईसरच्या रिक्षा स्टँडवर दोन माणसे भेटली की पहिली पाच मिनिटे कुरकुरीत जातात. गाडी लेट झाली, नळाला पाणी आले नाही, रात्री लाईट गेली ती पहाटे आली, आणि एवढे होऊन बिल मात्र वाढूनच आले. अलीकडे या कुरकुरीला एक नवे शेपूट फुटले आहे. समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, “वकीलसाहेब, ते सोलार बसवावे का हो? परवडते का?”

मी वीजतज्ज्ञ नाही. पण बिलांची, मीटरची, थकबाकीच्या नोटिसांची कागदपत्रे घेऊन येणारी माणसे रोज पाहतो, म्हणून मी त्यांना उलट प्रश्न विचारतो: छप्पर कोणाच्या नावावर आहे? माणूस गोंधळतो. विजेच्या प्रश्नात छपराचा काय संबंध, असे त्याला वाटते. वाचकहो, सगळा संबंध तिथेच आहे.

आधी ज्याचे छप्पर त्याचेच आहे त्याचा हिशोब करू. पालघर शहरात स्वतःचे स्लॅबचे घर, फ्रिज, पंखे, एखादा एसी आणि महिन्याला 300 युनिटच्या आसपास वापर असलेला एखादा शिक्षक घ्या. त्याला साधारण 3 किलोवॅटचा संच लागेल. त्यासाठी 300 चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा हवी. खर्च पावणेदोन-दोन लाखांच्या घरात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे 78 हजार रुपये अनुदान मिळते. 1 किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे 4 युनिट देतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ गच्च असते, त्या महिन्यांत उत्पादन निम्म्यावर येते. तरी वर्षाची सरासरी धरली तर 3 किलोवॅट या घराला पुरतो.

आता बिलाची मागची बाजू वाचा. आपण पुढची रक्कम पाहून शिव्या घालतो आणि मागची बाजू वाचतच नाही. पहिल्या 100 युनिटचा दर कमी आणि त्यापुढच्या 300 पर्यंतच्या युनिटचा जवळपास दुप्पट असतो. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. त्यामुळे जास्त वापरणाऱ्याचे महागडे युनिट आधी वाचतात आणि त्याचे भांडवल चार-पाच वर्षांत वसूल होते. पॅनल 20-25 वर्षे चालते. मध्ये कधीतरी इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च धरून ठेवावा. स्थिर आकार मात्र सोलार बसवले तरी भरावाच लागतो, तेव्हा “बिल शून्य” या जाहिरातीवर विसंबू नका. एवढे समजून घेतले तर या शिक्षकाने खुशाल बसवावे. 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट 2024 च्या नियमदुरुस्तीने काढून टाकली आहे, त्यामुळे ते कारण सांगून कोणी फेऱ्या मारायला लावत असेल तर नियम दाखवा. अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येते, पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करायची असते. या दोन गोष्टी करारनाम्यात आहेत की नाही हे पाहिल्याशिवाय सही करू नये.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे, कारण त्यापायीच बरेच लोक पैसे घालायला निघाले आहेत. “लाईट जाते म्हणून सोलार घेतो” असे जो म्हणतो त्याची निराशा होणार आहे. नेट मीटरचा साधा संच बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, छपरावर दोन लाखांचे पॅनल आणि खाली पंखा बंद! यात बिघाड काही नाही, ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. खांबावर वायरमन काम करीत असताना तुमच्या घरातून उलटी वीज तारेत गेली तर तो जिवानिशी जाईल. वीज गेल्यावरही घर चालायचे असेल तर बॅटरीचा संच लागतो, त्याचा खर्च वेगळा, आणि मग वरचा हिशोब कोलमडतो. तेव्हा सोलार हे बिलाचे औषध आहे, अंधाराचे नाही. अंधाराचे औषध खांब, तारा, डी.पी. आणि पुरेसे वायरमन हेच आहे.

चिंचणी, नवापूर, दांडी या किनाऱ्याच्या गावांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खारी हवा लोखंड खाते. साधे अँगल रंगवून लावले तर काही वर्षांत गंजतात, म्हणून गॅल्व्हनाइज्ड सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट मागून घ्यावेत. मे 2021 च्या तौक्ते वादळात या पट्ट्यात पत्रे उडाले ते आठवा. आणि कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी पॅनल वरचेवर धुवावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुण मिळवून देशात पहिले आले होते. (या एका परीक्षेत आपण पहिले आलो.) ती हवा माणसाच्या फुप्फुसात जाते तशी काचेवरही बसते.

आता कमी वापर असलेल्या घरमालकाकडे येऊ. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही. महिन्याला 80 युनिट. कालपर्यंत मी अशा माणसाला नको म्हणत होतो, कारण त्याचे स्वस्तातले युनिट वाचवायला 50 हजारांचा संच घेणे परवडत नव्हते. 2025 मध्ये राज्य सरकारने स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय छत सौर योजना आणली तेव्हा हा हिशोब बदलला. 1 किलोवॅटच्या संचाला केंद्राच्या 30 हजारांवर राज्याची भर पडून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने फक्त अडीच हजार भरायचे. 100 युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने 5 हजार आणि इतरांनी 10 हजार. हे पैसे वर्षा-दीड वर्षात फिटतात. समाजबांधवांनी याचा जरूर लाभ घ्यावा. जातीचा दाखला मुलाच्या अॅडमिशनलाच लागतो असे समजून कपाटात ठेवू नये. पत्र्यावरही पॅनल बसते, पण खालची कैची मजबूत हवी. कुडाच्या भिंतीवर, कौलांवर ते पेलणार नाही, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपासून आपल्या पास्थळपर्यंत अशी घरे किती आहेत ते मोजायला कोणी दूर जायला नको.

आणि ज्याला छप्परच नाही त्याचे काय? सरावली, खैरापाडा, सालवड, कोलवडे येथल्या चाळींत चला. एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा कामगार दहा बाय बाराच्या खोलीत राहतो. मीटर मालकाच्या नावावर, खोलीत सबमीटर, आणि युनिटचा भाव मालक सांगेल तो. सगळ्या खोल्यांचा वापर एकाच मीटरवर चढला की तो वरच्या दरात जातो, आणि वरच्या दराचा बोजा खोलीतल्या एका दिव्यावर येतो. म्हणजे ज्याचा वापर सगळ्यात कमी, त्याचे युनिट सगळ्यात महाग. त्याच्यासाठी ना केंद्राची योजना, ना राज्याची. उद्या मालकाने अनुदान घेऊन स्लॅबवर पॅनल लावले तरी खोलीचा भाव कमी होईल याची हमी नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीजविषयक धोरण समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मांडणी केली ती विजेच्या मालकीची आणि दराची. वीज मुबलक आणि स्वस्त असल्याशिवाय कारखानदारी वाढणार नाही आणि त्याशिवाय या देशाच्या गरिबाची सुटका नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच प्रयत्नांतून. वीज त्यांच्या लेखी चैनीची वस्तू नव्हती.

आमच्या जिल्ह्याने विजेसाठी काय कमी दिले? देशातला पहिला अणुवीज प्रकल्प तारापूरला 1969 मध्ये सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, पुनर्वसनासाठी लोकांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. डहाणूला 500 मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना. सूर्या नदीचे पाणी वसई-विरार, मीरा-भाईंदरला. आता सूर्याच्या उन्हावरही ज्याच्याकडे स्लॅब आहे त्याचाच हक्क असेल, तर जिल्ह्यातल्या कामगाराच्या वाट्याला नुसता उन्हाळा उरतो.

यावर तोड नाही असे नाही. व्हर्च्युअल नेट मीटरिंग नावाची पद्धत आहे. पॅनल एका छपरावर बसते आणि तयार झालेले युनिट अनेकांच्या बिलांत वाटून वजा होतात. सूर्यघर योजनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा प्रकल्पांनाही अनुदान आहे. ग्रामपंचायतीच्या इमारती, शाळा, समाजमंदिरे, आपली विहारे यांचे स्लॅब आठवडाभर रिकामे तापत असतात. विहाराच्या स्लॅबवरची वीज वस्तीतल्या वीस खोल्यांच्या बिलात उतरली, तर त्या स्लॅबचा याहून चांगला उपयोग कोणता? ग्रामसभेत हा ठराव आणला पाहिजे, आणि भाडेकरूंना त्यात धरा ही मागणी आमदार-खासदारांकडे लावून धरली पाहिजे. त्याआधी विहाराची नोंदणी आहे का, वीज जोडणी कोणाच्या नावाने आहे, हे कमिटीने तपासावे. निम्मी कामे तिथेच अडतात.

पण बिलात युनिट वजा व्हायचे तर बिल आपल्या नावाचे हवे. म्हणून चाळीतल्या भाडेकरूने पहिला अर्ज स्वतःच्या मीटरसाठी करावा. वीज कायदा 2003 चे कलम 43 जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला, दोघांनाही जोडणी मागण्याचा हक्क देते. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट सांगितले की, वीज ही मूलभूत सोय आहे आणि मालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच पाहायचे. परवान्याशिवाय वीज विकण्याचा धंदा कोणालाच करता येत नाही, हे कलम 12 चाळमालकांनीही वाचून ठेवावे. भाड्याची पावती, रेशनकार्ड, आधार, जे असेल ते जोडा आणि अर्जाची पोच घ्या. “मालकाची सही आणा” असे तोंडी सांगून परत पाठवले तर तोच नकार लेखी मागा. तो कागद हातात आला की कलम 42 खालचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लागतोच असे नाही. स्वतः उभे राहता येते.