अवधानाचें मोल

आठवडेबाजारांत खेळ करणारा गारुडी आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. पुंगी वाजवून आणि साप-मुंगसाच्या झुंजीची आशा दाखवून तो माणसांचें कडें जमवी. खेळाला तिकीट नसे. मंडळी पुरेशी जमली, म्हणजे झुंज लांबणीवर पडे आणि पोतडींतून ताईत बाहेर निघत. लोकांचें अवधान हें त्याचें भांडवल, आणि ताईतांची विक्री हें त्यावरील व्याज होतें.

छापखान्यानें हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर चालविला. १८३३ सालीं न्यूयॉर्क येथें बेंजामिन डे यांनीं ‘सन’ हें वर्तमानपत्र एका सेंटास विकण्यास आरंभ केला. इतर पत्रें त्या वेळीं बहुधा सहा सेंटांस मिळत. डे यांची भिस्त अंकाच्या किंमतीपेक्षां जाहिरातदारांच्या पैशांवर होती. वाचक हा अशा रीतीनें गिऱ्हाईकही झाला आणि विकावयाचा मालही झाला.

आज इंटरनेटवर मोबाइल, संगणक आदि यंत्रांचीं परीक्षणें लिहिणारे ब्लॉगर व चित्रफितींतून बोलणारे इन्फ्लुएन्सर यांचा संसार याच भांडवलावर चालतो. त्यांना प्राप्ति मुख्यतः तीन वाटांनीं होते. पहिली वाट जाहिरातींची. यूट्यूबनें २००७ सालीं जाहिरातींच्या उत्पन्नांत चित्रफीत करणारांस वांटा देण्यास सुरुवात केली. लांब चित्रफितींवर हा वांटा शेंकडा ५५ असतो. परंतु त्यासाठीं निदान १००० सदस्य आणि बारा महिन्यांत प्रेक्षकांनीं पाहिलेले ४००० तास पदरीं असावे लागतात. छोट्या चित्रफितींचा नियम निराळा आहे. आपण सहज घालविलेली संध्याकाळ तेथें तासांनीं मोजली जाते. दुसरी वाट दलालीची. परीक्षणाखालील दुव्यावरून वाचकानें वस्तु घेतली, कीं दुकानदार लेखकास कांहीं रक्कम देतो. अमेझॉननें ही पद्धति १९९६ सालीं सुरू केली. तिसरी वाट म्हणजे कंपनीनें थेट दिलेला मोबदला किंवा फुकट दिलेली वस्तु.

आतां प्रश्न असा, कीं सर्व अवधान सारख्याच मोलाचें असतें काय? तसें नाहीं. गंमत पाहून पुढें जाणारे दहा लाख लोक आणि परीक्षकाच्या शब्दावर विसंबून पैसे खर्चणारे दहा हजार लोक, यांत दुसऱ्यांचें मोल पुष्कळ वेळां अधिक ठरतें. त्यांच्या अवधानांत विश्वास मिसळलेला असतो.

अमेरिकेंतील मार्केस ब्राउनली यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. शाळेंत असतांनाच चित्रफिती करूं लागलेल्या या गृहस्थांनीं एप्रिल २०२४ मध्यें ‘ह्यूमेन’ कंपनीच्या, छातीवर लावावयाच्या ६९९ डॉलरांच्या यंत्राचें परीक्षण केलें आणि आपण तोंवर तपासलेल्या वस्तूंत हीच सर्वांत वाईट, असा निर्वाळा दिला. एवढा मोठा श्रोतृवर्ग असणारानें नव्या कंपनीवर असा घाव घालावा काय, असा वाद उठला. फेब्रुवारी २०२५ मध्यें त्या कंपनीची बरीचशी मालमत्ता एचपीनें विकत घेतली आणि तें यंत्र बंद पडलें. हें एका परीक्षणानें घडलें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. इतर परीक्षकांनींही त्यांत गंभीर दोष दाखविले होते. परंतु जो वाईटाला वाईट म्हणतो, त्याच्याच ‘चांगलें’ या शब्दाला वजन येतें, हें यावरून दिसतें. पैसे घेऊन तो शब्द उच्चारला आणि तें लपविलें, तर कडें जमलेलें राहील, पण पत राहणार नाहीं.

आपल्याकडे कायद्यानेंही याची दखल घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या पुरस्कर्त्यास दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हां तेंच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. जानेवारी २०२३ मध्यें भारत सरकारनें आणखी सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पैसे, फुकट वस्तु, प्रवास इत्यादि लाभ घेतला असल्यास तो स्पष्ट शब्दांत सांगावयास हवा.

तथापि कायदा घरोघरीं पहारा करूं शकत नाहीं. म्हणून मुलांनीं नव्या मोबाइलची शिफारस पुढें ठेवली, तर त्यांच्यासह तीन प्रश्न विचारावे. ही वस्तु परीक्षकानें विकत घेतली कीं त्याला मिळाली? आपण घेतल्यास त्याला दलाली मिळेल काय? आणि त्यानें आजवर कोणत्या वस्तूस वाईट म्हटलें आहे? उत्तरें समाधानकारक नसतील, तर दुसरीकडे वळावें. आपण उठून गेलों, कीं गारुड्याचें कडें तितकें विरळ होतें.